पत्र्याला घाम का येतो? श्वास घेणाऱ्या पडद्याची गोष्ट

(या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे. वाचताना अडखळायला होऊ नये म्हणून काही वाक्यं तेवढी नीट केली आहेत.)

आजचा विषय थोडा ओला आहे. पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांना तो लगेच कळेल.

धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी पिंपळनेर आहे. पश्चिमेला सह्याद्रीचे डोंगर, वरच्या अंगाला लाटीपाडा धरण, आजूबाजूला कांदा आणि मका. हिवाळ्यात इकडे चांगलीच थंडी पडते. धुळ्याचा पारा एक आकडी झाल्याची बातमी दर वर्षी येतेच. अशा एखाद्या पहाटे, आभाळ स्वच्छ, पावसाचा पत्ता नाही, आणि घरात पोटमाळ्यावर थेंब टपकतात. गोधड्या ओलसर, शाळेच्या दाखल्यांची पिशवी ओलसर, मक्याच्या पोत्याचं तोंड ओलं. म्हातारी माणसं अहिराणीत विचारतात, "पाऊस नही, मंग हाई पानी कोठून उनं?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. आज त्याचंच उत्तर शोधू. आणि त्यावर उपाय म्हणून जो 'ब्रीदेबल मेम्ब्रेन', म्हणजे श्वास घेणारा पडदा सांगितला जातो, तो नक्की काय करतो आणि काय करत नाही, तेही बघू.

आधी ओळखा: गळती की घाम?

हे पहिलं काम, कारण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. गळती असेल तर पाणी पावसातच येतं, ठरावीक जागी येतं. बहुतेक वेळा स्क्रूच्या भोकातून, दोन पत्र्यांच्या जोडातून, नाहीतर भिंत आणि पत्रा भेटतात तिथून. खाली तपकिरी कडा असलेला डाग पडतो.

घाम असेल तर गोष्ट उलटी. पाऊस नसताना येतो, पहाटे येतो, आणि एका जागी न येता पत्र्याच्या बऱ्याच भागावर बारीक थेंबांची चादर दिसते. स्वयंपाकघराच्या आणि झोपायच्या खोलीच्या वर तो जास्त असतो. ऊन चढलं की नऊ-दहापर्यंत सगळं गायब. पहाटे बॅटरी घेऊन माळ्यावर चढा आणि पत्र्याच्या खालच्या अंगावर हात फिरवा. सगळीकडे सारखा ओला लागला, तर तो घाम. अशा वेळी पत्र्यावरून कितीही वॉटरप्रूफिंगचा थर दिला, तरी फरक पडणार नाही. पाणी वरून येतच नाहीये ना!

घाम येतो कसा?

थंडगार पाण्याचा तांब्या बाहेर ठेवला की त्याला बाहेरून पाणी सुटतं. तेच पत्र्याला होतं, फक्त उलट्या अंगानं. हवेत पाण्याचं बाष्प असतं, आणि हवा जितकी गरम तितकं ती जास्त बाष्प धरते. २० अंशांची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त १७ ग्रॅमच्या आसपास बाष्प धरते. तीच हवा १० अंशांवर आणली की तिला ९ ग्रॅमच पेलतं. उरलेलं बाष्प पाणी होऊन जवळच्या थंड वस्तूवर बसतं. ज्या तापमानाला हे सुरू होतं, त्याला दवबिंदू म्हणतात.

आता पिंपळनेरचं एक घर डोळ्यासमोर आणा. दारं-खिडक्या बंद, आत चार माणसं झोपलेली. खोलीत २० अंश, आर्द्रता ६५ टक्के. या हवेचा दवबिंदू येतो साधारण १३ अंश. बाहेर आहेत ९ अंश. पत्रा किती थंड असेल? ९? नाही, त्याहून कमी! स्वच्छ आभाळाखाली पत्रा आपली उष्णता सरळ आकाशात सोडत असतो, त्यामुळे तो भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंशांनी थंड होतो. शेतातल्या गवतावर दव पडतं ते याच कारणानं. म्हणजे पत्रा असतो ५-६ अंशांवर आणि हवेला १३ अंशांतच पाणी सुटतं. घाम येणारच.

यातूनच एक गोष्ट लक्षात येते. भर पावसाळ्यात आर्द्रता इतकी असूनही पत्रा फारसा टपकत नाही. कारण ढग पांघरुणासारखे वर असतात आणि पत्रा हवेपेक्षा फार थंड होत नाही. खरा त्रास सुरू होतो पाऊस गेल्यावर. जमीन, भिंती ओल्या असतात आणि आभाळ मोकळं झालेलं असतं. तिथून पुढे थंडी सरेपर्यंत.

हे पाणी येतं कुठून?

बहुतेक आपणच सोडतो. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला ४० ग्रॅमच्या आसपास पाणी हवेत सोडतो. चार माणसं, आठ तास, म्हणजे सव्वा लिटर झालं.

दुसरा धनी म्हणजे गॅस. स्वयंपाकाचा गॅस जळतो तेव्हा त्यातला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनला मिळून पाणी तयार होतं. १ किलो गॅस जळला की दीड किलोहून थोडं जास्त पाणी. १४.२ किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत घरात सुमारे २२ लिटर पाणी वाफ होऊन सुटलेलं असतं! महिन्याला एक सिलिंडर धरा, तर रोज पाऊण लिटर. यात डाळ-भाताची वाफ धरलेलीच नाही. भरीला आंघोळीची वाफ, आत वाळत घातलेले कपडे, नवीन गिलाव्यातलं पाणी, लाकडाच्या चुलीतलं बाष्प.

गरम, दमट हवा हलकी असते, वर जाते. वर काय असतं? पोटमाळा. आणि माळ्यावर आपण काय ठेवतो? नेमक्या त्याच वस्तू ज्या भिजायला नकोत.

मग धाब्याच्या घराला घाम का येत नव्हता?

खान्देशात जुनी घरं धाब्याची. लाकडी कड्या, त्यावर लाकडं आणि पाला, आणि वर मातीचा जाड थर. या मातीनं दोन कामं केली. एक, जाडीमुळे छताची आतली बाजू रात्रीतून थंड होत नसे, दवबिंदूपर्यंत पोचतच नसे. दोन, माती आणि लाकूड थोडी ओल पिऊन घ्यायचे आणि दिवसा सोडून द्यायचे. भरीला चुलीचा धूर जायला छतात जागा असायची. धुराबरोबर वाफही निघून जाई.

म्हणून धाबं परत आणा, असं मी म्हणत नाही. त्याचं ओझं मोठं, दर वर्षी माती घालावी लागायची, लागून पाऊस पडला की गळायचं, वाळवी वेगळीच. लोकांनी पत्रा घातला तो विचार करूनच. पण पत्रा घालताना धाब्याची ती दोन कामं गेली, आणि त्यांच्या जागी काही आलं नाही. आजच्या सगळ्या बोलण्याचं सार हेच आहे. पत्रा पाऊस अडवतो. आतल्या वाफेचं काय करायचं, ते आपल्याला वेगळं ठरवावं लागतं.

यात बिघडतं तरी काय?

थोडी ओल आली तर आली, असं वाटू शकतं. पण ओल रोज येते. लाकडी वासे कुजतात, पत्रा खालून गंजतो, माळ्यावरून गेलेल्या विजेच्या वायरींचे सांधे ओले होतात. भिंतीवर, कपड्यांवर बुरशी चढते, आणि दम्याच्या माणसाला, लहान मुलांना तिचे कण त्रास देतात.

धान्याचं तर फारच जपावं लागतं. मका आणि भुईमुगाच्या शेंगा ओल धरल्या की त्यावर एक प्रकारची बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. ते यकृताला घातक आहे, आणि धुऊन किंवा शिजवून जात नाही. वरवर झटकून ते पोतं दळायला न्यायचं नाही, जनावरांनाही घालायचं नाही.

सहसा केले जाणारे उपाय, आणि ते का फसतात

पहिला, पत्र्याखाली प्लॅस्टिकचा कागद किंवा ताडपत्री ताणणं. थेंब अंगावर पडायचे थांबतात खरे. पण प्लॅस्टिकमधून वाफ जात नाही. ती प्लॅस्टिकच्या खालच्या अंगाला थंड होते आणि तिथून टपकते, किंवा फटींतून वर जाऊन पाणी होते आणि प्लॅस्टिकच्या पोटात साचते. एक दिवस ते पोट फुटतं.

दुसरा, थंडी लागते म्हणून पत्रा आणि भिंतीमधल्या फटी पोत्यांनी, फोमनं बंद करणं. थंडी थोडी कमी होते, पण वाफ पूर्ण कोंडते. घाम वाढतो.

तिसरा, चंदेरी बबल शीट. बाजारात हीच जास्त मिळते. उन्हाळ्यात तिचा उपयोग होतो, नाही असं नाही. पण तिच्यातूनही वाफ जात नाही. सगळे सांधे टेपनं पक्के बंद केले तर ती वाफेला खालीच अडवू शकते, पण वायरीची भोकं, पंख्याचा हुक, भिंतीकडची कड, एवढं सगळं बंद ठेवणारा कारागीर विरळाच.

चौथा, खाली पीव्हीसी किंवा पीओपीचं सीलिंग. खोलीतून पत्रा दिसत नाही, त्यामुळे घामही दिसत नाही. वाफ मात्र फटींतून वर पोचते आणि थेंब सीलिंगवर पडत राहतात. डाग दिसेपर्यंत वर बरंच कुजलेलं असतं.

श्वास घेणारा पडदा म्हणजे काय?

हा दिसतो कापडासारखा. बहुतेक पडदे तीन थरांचे असतात. वर-खाली न विणलेलं पॉलिप्रॉपिलीनचं कापड, मध्ये एक पातळ फिल्म. पाण्याचा थेंब वरून पडला तर खाली उतरत नाही, पण वाफ खालून वर निघून जाते.

हे जमतं कसं? आकाराच्या फरकानं. वाफेतला पाण्याचा एक-एक रेणू नॅनोमीटरच्याही तिसऱ्या हिश्शाएवढा असतो. त्याच्यापुढे थेंब म्हणजे डोंगर. फिल्मची छिद्रं या दोघांच्या मधल्या मापाची असतात. शिवाय पाण्याचा पृष्ठताण थेंबाला एकसंध धरून ठेवतो, छिद्रात शिरू देत नाही. काही पडद्यांत छिद्रं नसतात, फिल्मच वाफ शोषून पलीकडे सोडते. १९५५ साली अमेरिकेत ड्युपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत पाइपमधून निघणाऱ्या पॉलिथिलीनच्या तंतूंकडे एका संशोधकाचं लक्ष गेलं, आणि त्यातून पुढे टायवेक नावाचं असंच एक कापड आलं. आज थंड देशांत कौलांखाली, पत्र्याखाली असे पडदे सर्रास घालतात. ब्रिटनमध्ये तर घरातल्या या ओलीसाठी बीएस ५२५० नावाचं वेगळं मानक आहे. तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींना 'लॉफ्ट कंडेन्सेशन' हा शब्द चांगला ओळखीचा असेल.

विकत घेताना दुकानदाराला 'एसडी' आकडा विचारा. पडद्याचा वाफेला होणारा अडथळा किती मीटर जाडीच्या स्थिर हवेइतका आहे, ते हा आकडा सांगतो. चांगल्या पडद्याचा असतो ०.०२ मीटर, म्हणजे २ सेंटिमीटर हवेइतका. प्लॅस्टिकच्या कागदाचा जातो कित्येक मीटरांवर.

आकडा मिळाला नाही तर घरी परीक्षा घ्या. नमुन्याचा तुकडा गरम पाण्याच्या पेल्यावर ताणून बांधा आणि वर थंड आरसा धरा. आरसा धुरकट झाला तर वाफ जाते आहे. मग त्याच तुकड्याचा खोलगा करून त्यात पाणी ओता. खालून थेंब आला नाही, तर पडदा खरा.

बसवायचा कसा?

इथेच सगळं ठरतं. पडदा चांगला आणि बसवणं चुकीचं, तर पैसे वाया.

क्रम लक्षात ठेवा. सगळ्यात खाली वासे. वाशांवर पडदा, किंचित सैल. त्यावर वाशांच्याच दिशेनं, म्हणजे उताराच्या दिशेनं, साधारण २५ मिलिमीटर जाडीची उभी पट्टी. तिच्यावर आडव्या पट्ट्या किंवा लोखंडी पाइप. आणि वर पत्रा.

उभी पट्टी कशाला? ती नसेल तर आडवा पाइप थेट पडद्यावर बसतो आणि पत्र्याचा टपकलेला घाम त्याच्यामागे तुंबतो. उभ्या पट्टीमुळे पाइपाखालून पाणी वाहत पन्हाळीपर्यंत जातं, आणि पडदा-पत्र्यामध्ये हवा खेळायला जागा राहते. वाशांमधलं अंतर जास्त असेल, लोखंडी सांगाड्यात ते असतंच, तर पडद्याखाली तारेची जाळी ताणून घ्या, नाहीतर झोळ पडेल.

पडदा खालून वर लावत जा. वरची पट्टी खालच्या पट्टीवर किमान १५ सेंटिमीटर चढवा, कौलं चढवतो तशी. छापील बाजू बहुतेक वेळा वर असते, पण कंपनीची सूचना वाचूनच लावा. खालचं टोक भिंतीच्या बाहेर पन्हाळीत सोडा, भिंतीवर नको. आणि पडदा उन्हात उघडा ठेवू नका. ऊन त्याला खातं. लावला की लवकर पत्रा चढवा.

एक इशारा. जुने सिमेंटचे पत्रे काढायचे असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. ते फोडू नका, कापू नका, कोरडे घासू नका. ओले करून, अख्खे उतरवणाऱ्या जाणकारालाच बोलवा.

पडदा काय करत नाही?

पडदा पत्र्याचा घाम बंद करत नाही. पत्रा थंड होणार आणि त्याला घाम येणार. फरक एवढाच की थेंब तुमच्या गोधडीऐवजी पडद्यावर पडतो आणि पन्हाळीत जातो, आणि माळ्यातली वाफ अडकून न राहता वर निघते. तिथून तिला बाहेर नेणारी हवा हवी. ती नसेल तर पडदा एकटा काही करू शकत नाही, कारण वाफ जास्त असलेल्या बाजूकडून कमी असलेल्या बाजूकडेच जाते. वरची पोकळीही दमट झाली की सगळं थांबलं.

म्हणून दोन वाटा ठेवाव्या लागतात. खाली पागोळीजवळ हवा आत यायला, वर आढ्याजवळ बाहेर जायला. अमेरिकेच्या बांधकाम नियमांत एक सोपं माप आहे. माळ्याच्या क्षेत्रफळाच्या दीडशेवा भाग इतकी मोकळी जागा. ६०० चौरस फुटांचं घर असेल तर ४ चौरस फूट, निम्मी खाली, निम्मी वर. त्यावर बारीक जाळी लावा, म्हणजे उंदीर, पाखरं येणार नाहीत. आढ्यावरची टोपी अशी घ्या की हवा जाईल पण पाऊस आत येणार नाही.

पत्रा बदलायचा नाही, मग काय?

खर्च सगळ्यांना झेपेल असं नाही. पण निम्मं काम जवळजवळ फुकट होतं. स्वयंपाक करताना खिडकी उघडी ठेवा, आणि जमलं तर चुलीच्या वर भिंतीत एक्झॉस्ट पंखा बसवा. त्याची हवा घराबाहेर जायला हवी, माळ्यात नाही. कपडे आत वाळवू नका. माळ्याचं दार नीट बंद होऊ द्या, म्हणजे खोलीतली वाफ वर कमी जाईल. कोंबलेल्या फटी मोकळ्या करून तिथे जाळी लावा. पोती पत्र्यापासून आणि भिंतीपासून हातभर लांब, फळीवर ठेवा. कागदपत्रं झाकणाच्या पत्र्याच्या पेटीत ठेवून पेटी खाली खोलीत आणा. नवीन पत्रा घेणारच असाल, तर खालच्या अंगाला लोकरीसारखा थर चिकटवलेले पत्रेही मिळतात. तो थर रात्रीचा घाम धरून ठेवतो आणि दिवसा सुकतो. पण सुकायला त्यालाही हवा लागतेच.

कांदा चाळीलाही हेच सगळं लागू आहे. साठवलेला कांदा जिवंत असतो, श्वास घेतो, पाणी सोडतो. त्याला साधारण २५ ते ३० अंश आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. पाऊस येतो म्हणून चाळ चारी बाजूंनी ताडपत्रीनं बांधून टाकली, की आतली दमट हवा पत्र्याखाली कोंडते आणि वरच्या थराचा कांदा आधी सडतो. सर आली की पडदे सोडा, ओसरली की वर करा, आणि आढ्याची वाट कधीच बंद करू नका.

शेवटी, वेळ कोणती? छपराची कामं आपल्याकडे आखाजीनंतर, मृगाच्या आधी निघतात. तेव्हा सगळं कोरडं असतं आणि घामाची आठवणही नसते. म्हणून येत्या हिवाळ्यात एका पहाटे माळ्यावर जाऊन बघा, कुठे ओल आहे त्या जागी खडूनं खुणा करा, आणि उन्हाळ्यात मिस्त्री आला की त्या खुणा दाखवा. त्याला म्हणा, पाऊस तर अडवच, पण वाफेला बाहेर जायची वाट कुठून देतोस, ते आधी सांग.

आज इथेच थांबू. भेटूया पुढच्या भागात. नमस्कार.